बाज चौघांनी धरली होती

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि बराच वेळ झोप लागली नाही. पाच वर्षांची मुलगी, ए.एल.एल. म्हणजे रक्ताचा कॅन्सर, टाटामध्ये दुसरा महिना. घरी रोज कुणी ना कुणी प्रार्थनेला येतंय, आणि तुम्ही मात्र लिहिलंय की डोळे मिटले की एक शब्द सुचत नाही, माझा विश्वास गेला का? वर एका प्रार्थना गटातली माणसं सांगतायत की औषधावर भरवसा ठेवणं म्हणजे प्रभूवर अविश्वास, उपास धरा आणि सुया बंद करा.

दुसऱ्या गोष्टीचं आधी सांगतो, कारण तिथे वेळ घालवणं परवडणार नाही. उपचार एक दिवसही थांबवू नका. या आजारात पहिल्या महिन्याच्या केमोनंतर बहुतेक मुलांच्या तपासणीत कॅन्सरच्या पेशी दिसेनाशा होतात. मूल हसतं, खेळतं, खायला मागतं. नेमकं तेव्हाच लोक म्हणतात, ‘बघा, प्रभूने बरं केलं, आता कशाला?’ पण पेशी दिसत नाहीत म्हणजे संपल्या असं नसतं. म्हणून तर उपचार दोन-अडीच वर्षं, कधी तीन वर्षं चालतात. मध्येच सोडले तर आजार उलटण्याचा धोका फार, आणि उलटलेला आजार बरा करणं जास्त कठीण.

औषध आणि विश्वास यांचं वैर आपल्या ख्रिस्ती मंडळीने कधी मानलेलं नाही. बायबलमधलं शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. वॉन्लेस यांनी प्रभूच्या नावानेच उभं केलं. टाटासमोरच्या ज्या रस्त्याने तुम्ही फाइल घेऊन रोज जाता, त्याला नाव आहे डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं. तेही ख्रिस्तीच, आणि त्याच रुग्णालयात कॅन्सरच्या शस्त्रक्रिया करायचे.

आणि ताप. 100.4 फॅरेनहाइट दिसला की रात्रीचे दोन वाजलेले असोत की उपासना चाललेली असो, टॅक्सी करा आणि निघा. घरी क्रोसिन देऊन वाट पाहायची नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा संसर्गही काही तासांत अंगभर पसरतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

माझा मुलगा 4 वर्षांचा असताना टाटातच दाखल होता तेव्हाची गोष्ट, 11 वर्षं झाली. मी तेव्हा रेल्वेच्या परळ वर्कशॉपला होतो, म्हणजे ड्युटी आणि वॉर्ड चालत पंधरा मिनिटांवर. एका रात्री त्याच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. रक्त थांबवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, 8 हजारांपर्यंत खाली आलेल्या. बायको त्याचं डोकं पुढे झुकवून, नाक चिमटीत धरून बसली होती आणि पुटपुटत स्तोत्र म्हणत होती. मी जिन्यात बसलो होतो. लहानपणापासून रविवार न चुकवलेला माणूस मी, आणि मला ‘हे प्रभू’च्या पुढे जाता येईना. रागही होता. खूप राग होता.

पहाटे मंडळीतले चौघे आले. त्यांतल्या एकाशी चर्च कमिटीच्या निवडणुकीवरून माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं. प्लेटलेट्स द्यायला नेमका तोच चालला. दीड तास हात मशीनला लावून पडला होता, हातातला रबरी चेंडू दाबत. मला काही म्हणाला नाही, मीही नाही. थोड्या वेळाने त्याची ती पिवळसर पिशवी माझ्या पोराच्या उशाशी लटकत होती आणि नाकाला लावलेला टॉवेल हळूहळू पांढरा राहू लागला.

बायबलात मार्कच्या दुसऱ्या अध्यायातली पक्षघाती माणसाची गोष्ट शंभरदा ऐकली असेल. चौघांनी छप्पर उसकून बाज खाली सोडली. त्या दिवसांत ती वाचताना मी पहिल्यांदा थबकलो. प्रभूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं तिथे लिहिलंय. बाजेवरच्या माणसाने विश्वास धरला होता की नाही, याबद्दल एक शब्द नाही. तो बहुधा माझ्यासारखाच वर बघत गप्प पडून असेल.

तेव्हा ताई, सध्या बाजेवर मुलीबरोबर तुम्हीही आहात. शब्द येत नसतील तर न येवोत. तुमच्या वाटचं दुसरे म्हणतील. पण त्यांना घरात गर्दी करू देऊ नका, मुलीचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, खाली आहेत. आपापल्या घरून प्रार्थना करा म्हणावं, आणि जो विचारेल ‘काय करू?’ त्याचं नाव, फोन आणि रक्तगट वहीत लिहून घ्या. प्लेटलेट्स पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत, त्यामुळे दाते सतत लागतात.

‘कुणाचं पाप भोवलं’ असं जी बाई म्हणाली, तिला योहानाचा नववा अध्याय वाचायला सांगा, ‘याने पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही’ असं प्रभू म्हणतो तो. त्यापुढे तिच्याशी वाद घालायची ताकद खर्च करू नका.

एक गोष्ट मात्र मला अजून सुटलेली नाही. मुलगा बरा झाल्यावर पाळकसाहेबांनी साक्ष द्यायला, म्हणजे प्रभूने काय केलं ते चर्चमध्ये सगळ्यांपुढे सांगायला सांगितलं. शेजारच्या बेडवर जळगावकडचा मुलगा होता, आईवडील दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचे. ती माऊली माझ्या बायकोइतकीच रडून देवाला हाक मारायची. तो गेला. ‘आमची प्रार्थना ऐकली’ हे वाक्य मी वेदीपाशी उभा राहून म्हणू शकलो नाही. आभार मानले आणि त्या मुलासाठीही प्रार्थना करायला सांगून खाली बसलो. आजही याहून जास्त बोलता येत नाही.

मुलीचा रक्तगट आणि घरी हाक मारता ते नाव मला निरोपात कळवा. नाव बुधवारच्या सभेसाठी. आमच्याकडची दोन तरुण मुलं प्लेटलेट्स द्यायला शनिवारी सकाळी परळला येऊ शकतील. तीन दिवस अ‍ॅस्पिरिन घ्यायची नाही आणि उपाशीपोटी यायचं नाही, एवढं त्यांना सांगून ठेवलंय.