केळीच्या बागांचे ‘नुकसान’, ‘हानी’ की ‘तोटा’?

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या, जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यातील एका विद्यार्थिनीने विचारले आहे, की ‘वादळी वाऱ्यामुळे रावेर परिसरातील केळीच्या बागांचे मोठे ...... झाले’ या वाक्यातील रिकाम्या जागी हानी, तोटा, घट आणि नुकसान या चार पर्यायांपैकी कोणता शब्द घ्यावा. उत्तरतालिकेत ‘नुकसान’ दिलेले आहे, परंतु तिच्याबरोबर अभ्यास करणाऱ्या काहींच्या मते ‘हानी’ हा संस्कृत आणि म्हणून अधिक शुद्ध शब्द असल्याने लेखी मराठीत तोच योग्य ठरतो. शब्दकोश उघडला तर या शब्दांचे अर्थ एकमेकांच्याच आधाराने दिलेले दिसतात, तेव्हा निवड करायची कशावरून, असा तिचा मूळ प्रश्न आहे. ‘नुकसानाचे पंचनामे’ म्हणावे की ‘नुकसानीचे पंचनामे’, हेही तिने जाता जाता विचारले आहे.

उत्तर ‘नुकसान’ हेच आहे, आणि ते ठरवण्यासाठी या चार शब्दांच्या अर्थांची तुलना करत बसण्याचीही गरज नाही, कारण रिकाम्या जागेच्या अलीकडे-पलीकडे जे शब्द उभे आहेत त्यांनीच निर्णय देऊन टाकला आहे. ‘बागांचे’, ‘मोठे’ आणि ‘झाले’ ही तिन्ही रूपे नपुंसकलिंगी एकवचनी नामाची वाट पाहत आहेत. ‘हानी’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून तिला ‘बागांची मोठी हानी झाली’ असे वाक्य लागते. ‘तोटा’ पुल्लिंगी असल्याने ‘मोठा तोटा झाला’ असे म्हणावे लागते. ‘घट’ ‘कमी होणे’ या अर्थी स्त्रीलिंगी आहे आणि तिला तर ‘बागांचे’ हा षष्ठीचा आधारही चालत नाही, ती ‘उत्पादनात घट झाली’ अशी सप्तमीच्या आधाराने येते. उरले ते ‘नुकसान’. शब्दकोशात प्रत्येक नामापुढे पु., स्त्री. किंवा न. अशी खूण असते. अर्थाकडे जाण्याच्या घाईत ती आपण ओलांडून जातो, आणि रिकाम्या जागेच्या प्रश्नात मात्र तीच सर्वांत आधी कामी येते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लेखी मराठीत ‘मोठे’ आणि ‘झाले’ ही रूपे पुल्लिंगी अनेकवचनाचीही असतात, म्हणून पर्यायांत ‘तोटा’ऐवजी ‘तोटे’ असते तर केवळ रूपावरून त्याला बाजूला सारता आले नसते. मग अर्थाकडे वळावे लागले असते, आणि ‘केळीच्या बागांचे तोटे’ म्हणजे केळी लावण्यातले गैरफायदे, असा भलताच अर्थ निघतो हे लक्षात आले असते. हेच वाक्य बोलीच्या वळणाने ‘मोठं झालं’ असे लिहिले, तर अनुस्वारामुळे शंकेला जागाच उरत नाही. प्रश्नातील क्रियापद वर्तमानकाळी असेल तर खूण आणखी पुसट होते, कारण नुकसानही ‘होते’ आणि हानीही ‘होते’. वेगळा पडतो तो फक्त तोटा, जो ‘होतो’.

रूपाने उत्तर मिळत नाही तेथे शब्दाची संगत पाहावी, आणि या चौघांची संगत चांगलीच वेगवेगळी आहे. तोटा हा हिशेबाच्या वहीतला शब्द आहे आणि त्याचा जोडीदार नफा. वाऱ्याने बाग आडवी झाली, घडांसकट खोडे मोडली, तर ते बागेचे नुकसान; बाग धडधाकट उभी राहिली, घडही भरले, पण भाव कोसळल्यामुळे लागवडीचा खर्चसुद्धा निघाला नाही, तर तो शेतकऱ्याला झालेला तोटा. बागेचे नुकसान होऊनही विम्याची रक्कम वेळेवर हाती आली तर तोटा टळू शकतो, आणि झाडाच्या एका पानालाही धक्का न लागता तोटा होऊ शकतो. हा भेद केळीची कांदेबाग किंवा मृगबाग (हंगामांवरून पडलेली लागवडीची नावे) लावणाऱ्या कोणत्याही घरात न शिकवता कळतो, मात्र परीक्षेच्या कागदावर तो हटकून निसटतो. ‘तोटा’ शब्दाला उणीव असा आणखी एक अर्थ आहे, ज्यामुळे ‘रावेर-यावलकडे केळीला तोटा नाही’ या वाक्यात नफ्या-तोट्याचा संबंध नसून विपुलतेचा आहे. प्रश्नातील वाक्यात लिंग बदलून ‘बागांचा मोठा तोटा झाला’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला क्षणभर बागांची टंचाई पडल्यासारखे वाटेल.

‘नुकसान’ आणि ‘तोटा’ यांच्यात विभक्तीचाही फरक आहे. तोटा शेतकऱ्याला होतो किंवा शेतकऱ्याचा होतो, दोन्ही प्रयोग रूढ आहेत. नुकसान मात्र प्रमाण मराठीत शेतकऱ्याचेच होते. ‘शेतकऱ्यांना मोठे नुकसान झाले’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास कानावर येते. रावेरच्या पलीकडे लगेच मध्य प्रदेशातले बऱ्हाणपूर, केळीचा व्यापार दोन्हीकडे, आणि बोलणीही बरीचशी हिंदीत. त्यामुळे हिंदीतले ‘को’ मराठीत ‘ना’ होऊन उतरावे, यात नवल नाही. अहिराणी आणि लेवा बोलीतल्या ‘माले’, ‘तुले’ या रूपांतला ‘ले’ त्याला आणखी सोय करून देत असावा, असा माझा तर्क आहे. बोलताना त्याला हरकत घेण्याचे कारण नाही, पण रिकाम्या जागेआधी ‘शेतकऱ्यांना मोठा’ असे आले तर तेथे ‘तोटा’ हवा, हे परीक्षार्थीने ओळखले पाहिजे. ‘शेतकऱ्यांना नुकसान सोसावे लागले’ हे वाक्य मात्र निर्दोष आहे, कारण तेथील ‘ना’ हा ‘लागले’ या क्रियापदाने मागितलेला आहे.

आता ‘हानी’कडे. ती शुद्ध आणि नुकसान अशुद्ध, हा विचार मला मुळीच मान्य नाही. ‘नुकसान’ मूळचा अरबी शब्द आहे, तो फारसीच्या वाटेने मराठीत आला, येथे त्याने नपुंसकलिंग घेतले (हिंदीत तो पुल्लिंगी आहे) आणि गावाकडच्या तोंडी तर त्याचे ‘नुसकान’ही झाले, इतका मुरलेला शब्द परका मानायचा तर पंचनाम्याच्या कागदावर मराठी फारशी उरणारच नाही. ‘हानी’ आजच्या मराठीत सुटी कमी आणि समासात अधिक वावरते: जीवितहानी, प्राणहानी, वित्तहानी, मानहानी. ‘सुदैवाने ...... टळली’ येथे जीवितहानीच येणार. ‘जीवितनुकसान’ असे कोणी म्हणत नाही. गंमत अशी, की त्याच मानाला ‘अब्रू’ म्हटले की लगेच ‘अब्रुनुकसानी’ होते, म्हणजे संस्कृताशी संस्कृत आणि फारसीशी फारसीतून आलेला शब्द जोडला जातो. पण हा काही नियम नव्हे, कारण ‘नुकसानभरपाई’त दोन घराण्यांचे शब्द सुखाने नांदतात. पिकांच्या बाबतीत शासकीय भाषेनेही ‘नुकसान’च पत्करलेले आहे: नैसर्गिक आपत्तीत ३३ टक्के किंवा त्याहून अधिक पिकाचे नुकसान झाले असेल तर मदत, अशीच शब्दयोजना असते, आणि महसूल, ग्रामपंचायत व कृषी खात्याचे गावपातळीवरचे कर्मचारी मिळून जे पंचनामे करतात तेही नुकसानीचे.

याच शब्दात दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आहे. ‘नुकसान’ या नपुंसकलिंगी नामाचे सामान्यरूप नियमाप्रमाणे ‘नुकसाना-’ व्हायला हवे आणि ‘नुकसानाचे’ हे रूप व्याकरणाने चूक नाही. परंतु मराठीत ‘नुकसानी’ हे स्त्रीलिंगी नामही याच अर्थाने आहे, आणि प्रत्यय लावायची वेळ आली की रूढीने त्याचीच मदत घेतली आहे. म्हणून झालेले असते ‘नुकसान’, पण पाहणी होते ‘नुकसानीची’ आणि पंचनामे ‘नुकसानीचे’. लेखनात ‘नुकसानीचे’ वापरावे. ही ‘नुकसानी’ पर्यायांत दिलेली असली तर ‘मोठी ...... झाली’ या वाक्यात ती ‘हानी’शी बरोबरीने स्पर्धा करते, हेही ध्यानात ठेवावे.

काही वाक्यांत खरोखरच दोन शब्द बसतात. ‘पुरामुळे पिकांची मोठी ...... झाली’ येथे ‘हानी’ आणि ‘नासाडी’ दोन्ही पर्याय दिलेले असतील, तर लिंग, विभक्ती आणि अर्थ यांपैकी कशानेही एकाला वगळता येत नाही. रानडुकरांचा उल्लेख असता तर ‘नासाडी’कडे आणि पुढे ‘जीवित व वित्त’ असे शब्द असते तर ‘हानी’कडे कल झाला असता, पण नुसत्या पुरावरून तसे काही ठरत नाही. असा प्रश्न हा प्रश्न काढणाऱ्याचा दोष आहे, परीक्षार्थीचा नव्हे. पहिल्या उत्तरतालिकेवर हरकत घेण्याची मुदत असते, त्या मुदतीत दोन्ही वाक्ये पूर्ण लिहून हरकत नोंदवावी.