काळे दोरे मुळं की बुरशी?

प्रश्न : दिंडोरीजवळच्या बांधावर वाळलेल्या आंब्याचा बुडखा खणताना बुटाच्या नाडीसारखे काळे दोरे निघाले. शेजारच्या झाडांना धोका आहे का?
– एक शेतकरी वाचक, नाशिक

उत्तर : दोरा तोडून पाहा. खऱ्या मुळाच्या मध्यभागी चिवट लाकूड असतं. बुरशीच्या दोऱ्यात काळ्या सालीखाली पांढरा मऊ गाभा दिसतो. असे दोरे करणाऱ्या सगळ्याच बुरशी घातक नसतात. बऱ्याच नुसतं मेलेलं लाकूड कुजवतात, म्हणून लगेच औषध ओतू नका.

आधी शेजारच्या झाडाच्या बुंध्याची माती वीतभर बाजूला करा आणि सालीचा लहानसा तुकडा उचला. साल आणि लाकूड यांच्यामध्ये पंख्यासारखा पांढरा पापुद्रा असेल, अळंबीचा वास येत असेल, तर रोग पोहोचला.

दोरा टोकाकडून वाढतो, पण त्याला अन्न मागच्या बुडख्यातून मिळतं. नुसते दोरे वेचून म्हणूनच उपयोग होत नाही. बुडखा आणि अंगठ्याहून जाड मुळं काढा, उन्हात वाळवून सरपणाला वापरा. दोरे बहुधा वरच्या फूटभर मातीत असतात, मुळं मात्र खोलवर एकमेकांना भिडतात. त्यामुळे रोग पुढच्या झाडांकडे जाऊ नये म्हणून भोवती खणायचा चर दोन-तीन फूट खोल हवा. तो रोगट झाडालगत नको, पुढचं निरोगी दिसणारं झाडही आत घ्या. लागण डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. उकरलेली माती आतल्या बाजूलाच टाका. ठिबकचे ड्रिपर खोडापासून दूर सरकवा. काळ्या जमिनीत बुंध्याशी ओल फार टिकते. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवर घालणारी मित्रबुरशी) मातीत चालतो, लाकडाच्या आतल्या बुरशीपर्यंत तो पोहोचत नाही.