बाकी १ उरते, पण विभाजक चुकलेला नाही

२ च्या ६७व्या घातातून १ वजा केल्यावर १९३७०७७२१ ने निःशेष भाग जायला हवा, पण तुमच्या प्रोग्राममध्ये बाकी १ उरते आणि म्हणून विभाजक चुकीचा छापलाय असं तुम्हाला वाटतंय. नेमक्या याच १ पायी माझे तीन आठवडे गेले.

विभाजक बरोबर आहे. १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ = १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. बिघडलाय तो भाज्य.

मी संख्या 'डबल' (संगणकात दशांश संख्या ठेवायच्या) प्रकारात ठेवली होती. त्यात ५३ बिटच अचूक राहतात, त्यामुळे ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढचे काहीच पूर्णांक नेमके मावतात, बाकीचे नाही. २ च्या ६७व्या घाताच्या लगेच खाली मावणारी संख्या थेट १६३८४ ने लहान आहे. म्हणजे १ वजा होतच नाही! आपण भागतो तो अख्खा २ चा ६७वा घात, आणि त्याची बाकी १ च यायला हवी. समोर पुरावा होता आणि मी विभाजकाचे अंक पुन्हा पुन्हा ताडत बसलो, आजूबाजूच्या संख्यासुद्धा लावून पाहिल्या. भाज्य एकदाही छापून पाहिला नाही.

एका सॉफ्टवेअरच्या मदत विभागाला लिहिलं, तर उत्तर आलं की एवढ्या मोठ्या संख्येत १ चा फरक नगण्य असतो. त्याचा राग अजून आहे. लांबी-वजन मोजताना असेल नगण्य. विभाज्यतेत १ ने सगळंच बदलतं, विषम संख्या सम होते!

माझं मत सांगतो (प्रोग्रामिंग माझा पेशा नाही, जाणकारांनी दुरुस्त करावं): ती मोठी संख्या बनवूच नका. १ पासून सुरुवात करा, दुप्पट करा, विभाजकापेक्षा मोठी झाली की विभाजक वजा करा. असं ६७ वेळा. शेवटी १ उरला की झालं, कारण तो १ वजा केल्यावर निःशेष भाग जातो. आकडा ३९ कोटींच्या वर जात नाही, कागदावरही जमतं. एकेकदा दुप्पट करण्याऐवजी बाकीचा वर्ग करत जाणं जलद, पण मधले आकडे १६-१७ अंकी होतात आणि डबल पुन्हा फसवतो. तिथे ६४ बिटी पूर्णांकच हवा.

पुढे स्वतः विभाजक शोधणार असाल तर सरसकट सगळ्या मूळ संख्या लावू नका. ६७ मूळ असल्याने इथला प्रत्येक विभाजक १३४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो (आपला १३४ × १४४५५८० + १), शिवाय ८ ने भागल्यावर त्याची बाकी १ किंवा ७ च येते. मर्सेन या गणितज्ञाने १६४४ मध्ये २ च्या ६७व्या घातापेक्षा १ ने लहान असलेली ही संख्या मूळ मानली होती. गणितज्ञ ल्युकाने १८७६ मध्ये ती संयुक्त असल्याचं दाखवलं, पण अवयव न सापडताच. ते दोन अवयव गणितज्ञ कोल यांनी १९०३ मध्ये मांडले, तेही संगणक नसताना. त्या कष्टांवर शंका घेण्याआधी आपलं यंत्र तपासायला हवं होतं, हे मला फार लागलं.

तेव्हा आधी भाज्य पूर्ण अंकांत छापून बघा. शेवटी ७ ऐवजी ८ असेल तर कारण हेच. स्प्रेडशीट वापरत असाल तर बहुधा पंधरा अंकांनंतर सहा शून्यं दिसतील.