टाळी कुठे पडते?

ठाणे आणि नवी मुंबईतल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्या वाचकांची आणि आयोजकांची बरीच पत्रं या वेळी एकाच गोष्टीभोवती फिरत होती: समोर बसलेला श्रोता कशावर खूश होतो, आणि कशाने उठून जातो. त्यातली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

भावगीतं आणि नाट्यपदं गाते. सोसायट्या, महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ अशा ठिकाणी कार्यक्रम होतात. गळा फिरता आहे, ताना स्वच्छ जातात असं साथीदारही म्हणतात. तरी मध्यंतरानंतर खुर्च्या रिकाम्या दिसतात आणि तेच मंडळ दुसऱ्यांदा बोलवत नाही. लोकांना हवं तरी काय असतं? (एक गायिका, घोडबंदर रोड)

सूर आणि लय श्रोता गृहीत धरतो. घरचं आवरून, ट्रॅफिक काढून आलेला माणूस तुम्ही सुरात गाता म्हणून खूश होत नाही, बेसूर गायलात तर मात्र नक्की नाराज होतो. त्यापुढे भावगीताचा श्रोता आधी शब्द मागतो. मग तो बघतो की बाई आपल्याकडे बघून गातायत की वहीकडे. मग वेळ. तानेचा नंबर बराच खाली लागतो, आणि हे गाणाऱ्यांना सहसा पटत नाही.

शब्दांची परीक्षा घरी घेता येते. गाणं माहीत नसलेल्या एखाद्याला शेवटच्या रांगेच्या अंतरावर बसवा आणि ऐकू येईल तसं कागदावर उतरवायला सांगा. गाळलेल्या जागा दोनच ठिकाणी सापडतील. एक, ओळीचा शेवट: श्वास संपत आला की शेवटचा शब्द पुसट होतो. दोन, जोडाक्षरं आणि शब्दाच्या टोकाचे ‘त’, ‘ट’, ‘क’, जे स्वर लांबवण्याच्या नादात गिळले जातात. उपाय रियाजापेक्षा पेन्सिलीचा आहे. वहीत श्वासाच्या जागा अर्थाप्रमाणे खुणावून ठेवा, म्हणजे विशेषण एका श्वासात आणि नाम दुसऱ्यात असं होणार नाही.

दुसरी शंका पट्टीची. बऱ्याच गायिका घरी सकाळी ताज्या गळ्याने पट्टी ठरवतात आणि रात्री नवव्या गाण्याला वरचा सूर ओढून लावतात. तो ताण तुम्हाला ऐकू येत नसला तरी समोरच्याच्या मानेला जाणवतो. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर सलग दीड तास गायल्यावरही सहज लागतो का ते पाहा. नसेल लागत तर अर्धा किंवा एक सूर उतरा. मूळ पट्टीत गायलं म्हणून कोणी बक्षीस देत नाही.

तिसरं, क्रम. दोन तासांत गाण्याला पाच मिनिटं, निवेदन आणि टाळ्यांना मिळून दोन मिनिटं धरली तर जेमतेम सतरा गाणी होतात. यादीत चौदाच ठेवा, दोन राखीव. पहिलं गाणं ओळखीचं आणि मधल्या सप्तकातलं असावं: दार उघडझाप होत असतं, साउंडवाल्याचा हात अजून बसायचा असतो. सगळ्यात अवघड पद तिसरं-चौथं. एकाच तालातली, एकाच पट्टीतली, विलंबित चालीची तीन गाणी पाठोपाठ आली की लोकांना कंटाळ्याचं कारण सांगता येत नाही, पण चुळबूळ सुरू होते. मध्यंतरानंतर खुर्च्या रिकाम्या दिसतात त्यात याचा वाटा मोठा असतो. दुसरा वाटा मध्यंतराचाच: दहा मिनिटं जाहीर करून वडे संपेपर्यंत पंचवीस झाली की कल्याण-डोंबिवलीची माणसं थेट स्टेशन गाठतात. दोन तासांच्या कार्यक्रमाला मध्यंतर न घेतलं तरी चालतं.

मोबाइल किंवा टॅब्लेटवर शब्द बघून गाणं लोकांना इतकं खटकतं का? पाठ असूनही मी समोर ठेवतो, आधार म्हणून. (एक वाचक, कोपरखैरणे)

पाठ असूनही समोर ठेवला की डोळे तिकडेच जातात, ही खरी अडचण. संशोधक चिया-जुंग त्साय यांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य संगीतस्पर्धांच्या अंतिम फेरीतले वादक लोकांना दाखवले आणि विजेता ओळखायला सांगितलं. नुसता आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा आवाज बंद करून नुसता व्हिडिओ पाहणाऱ्यांनी विजेते जास्त वेळा बरोबर ओळखले, आणि यात संगीतातले जाणकारही आले. तो अभ्यास भावगीताच्या मैफलीला जसाच्या तसा लावू नये, पण श्रोता डोळ्यांनीही ऐकतो एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही. भीमसेनजींचे हातवारे आठवा. ते कोणी नाटकीपणा म्हणून मोजत नव्हतं, कारण ते स्वराबरोबरच निघत.

स्टँड छातीच्या खाली, थोडा डावीकडे, तिरपा ठेवा. अक्षर मोठं, आणि पूर्ण गाणं न लिहिता प्रत्येक कडव्याचे पहिले तीन-चार शब्द. कडव्याआधीच्या म्युझिकमध्ये एकदा नजर टाकायची आणि गाताना वर बघायचं. टॅब्लेट असेल तर स्क्रीनचा उजेड कमी करा, फ्लाइट मोड लावा आणि स्क्रीन आपोआप बंद होण्याची सोय काढून टाका. तिसऱ्या कडव्यात स्क्रीन काळी होणं हा आपल्याकडचा सर्वात लोकप्रिय अपघात आहे.

आमच्या नेरूळच्या सोसायटीत गणपतीत वाद्यवृंद असतो. दरवर्षी तक्रार तीच: आवाज कानठळ्या बसवतो पण शब्द कळत नाहीत, आणि मधूनच माइक शिट्टी मारतो. गायक चांगले आणतो, भाड्याचे स्पीकरही मोठे घेतो. (सांस्कृतिक समितीचे सदस्य)

मोठे स्पीकर हेच निम्मं कारण. चारी बाजूंनी इमारती असलेल्या आवारात आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि एका शब्दावर मागचा शब्द बसतो. दोन प्रचंड खोकी स्टेजशेजारी ठेवून जोर लावण्यापेक्षा चार मध्यम स्पीकर घ्या: दोन पुढे, दोन साधारण मध्यावर. तोंड श्रोत्यांकडे, किंचित खाली झुकवलेलं, समोरच्या भिंतीकडे नको. मधल्या जोडीला डिले, म्हणजे आवाज किंचित उशिरा सोडण्याची सोय, लावायला सांगा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद. पुढची आणि मधली जोडी १५ मीटर अंतरावर असेल तर ४५ मिलिसेकंदांच्या आसपास डिले लागतो. तो नसेल तर मागच्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

साउंड चेकचा क्रम उलटा करा. बहुतेक ठिकाणी ड्रमपासून सुरुवात होते, मग बेस, कीबोर्ड, गिटार, आणि उरलेल्या जागेत गायकाला कोंबतात. आधी गायकाचा आवाज शेवटच्या रांगेत स्पष्ट ऐकू येईल इतका लावा, मग एकेक वाद्य त्याच्या खाली बसवा. गायकाच्या चॅनलवर साधारण १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाकायचं. आवाज घुमट वाटत असेल तर २०० ते ४०० हर्ट्झमधलं थोडं उतरवायचं. व्यंजनं कळतात ती मुख्यतः २ ते ५ हजार हर्ट्झमध्ये. तिथे कीबोर्डवाल्याने भडक टोन लावला असेल तर त्याला कमी करायला सांगा, गायकाला वाढवू नका. आणि एको! जलद गाण्याला एको जवळजवळ बंदच हवा. एकोने आवाज गोड होतो हा समज गायकांनीच वाढवला आहे, कारण त्यात बारीक बेसूर लपतो.

आता शिट्टी. माइकमधला आवाज स्पीकरमधून निघून पुन्हा माइकमध्ये शिरला की ती येते. माइक स्पीकरच्या मागे ठेवा, पुढे कधीच नाही. साध्या कार्डिऑइड (समोरचा आवाज जास्त टिपणाऱ्या) माइकला बरोबर मागून सगळ्यात कमी ऐकू येतं, म्हणून मॉनिटर, म्हणजे गायकाकडे तोंड केलेला स्पीकर, माइकच्या थेट शेपटीच्या दिशेला. सुपरकार्डिऑइड (त्याहून अरुंद टप्प्यातलं टिपणारा) असेल तर मॉनिटर थोडा बाजूला, तिरपा. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली की माइकची ही दिशा ओळखण्याची रचनाच बिघडते आणि शिट्टी ठरलेली. तोंडापासून माइक दोन-तीन बोटांवर. अंतर दुप्पट झालं की पातळी सुमारे ६ डेसिबल पडते. दोन इंचांवरून आठ इंचांवर गेलेला गायक १२ डेसिबल हरवतो, साउंडवाला ते बटणाने भरून काढतो आणि तिथेच माइक ओरडतो.

रंगीत लाइटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगतो: चेहऱ्यावर पांढरा किंवा पिवळसर स्थिर उजेड, समोरून तिरपा. लाल-निळं लुकलुकणं मागच्या पडद्यावर करा. ओठ दिसले की शब्दही जास्त कळतात.

निवेदन किती असावं? आमच्या निवेदकांचं वाचन उत्तम आहे. (वाशी)

पाऊण ते एक मिनिट. गाण्याचा पहिला शब्द उच्चारायच्या आधी थांबावं, कारण तो ऐकण्याची मजा श्रोत्याची. ‘जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या’ हे वाक्य वर्षभरासाठी बंद करून बघा.

एसी हॉलमध्ये दोन गाण्यांनंतर तबला चढतो. मध्येच जुळवायला घेतला की गायक वैतागतात, लोकही बघत राहतात. (तबलावादक, कळवा)

लोकांना जुळवण्याचं काही वाटत नाही, न जुळलेला तबला मात्र अगदी नवखा श्रोताही ओळखतो. त्याला फक्त ‘काहीतरी बरं वाटत नाहीये’ असं वाटतं. खाडीकाठची दमट हवा कातड्यात मुरलेली असते. एसीत ते कोरडं पडतं, ताणलं जातं आणि सूर चढतो. पावसाळ्यात उघड्या मंडपात याच्या उलट, सूर उतरत जातो. एसी सुरू करून तबला-डग्गा गवसणीतून काढून किमान पाऊण तास स्टेजवर ठेवा आणि मगच पक्का जुळवा. त्याआधी जुळवलेलं वाया जातं. पेटी काही बदलत नाही, तेव्हा सगळ्यांनी पेटीलाच मिळायचं. मोबाइलचा तानपुराही पेटीशी ताडून घ्या. कार्यक्रमात गजऱ्यावर (तबल्याच्या तोंडाभोवतीच्या विणलेल्या कडेवर) हातोडीचे दोन-तीन हलके ठोके बहुधा पुरतात, आणि ते टाळ्या चालू असताना मारावेत. गट्ट्यांना (वादीखालच्या लाकडी ठोकळ्यांना) हात लावायची वेळ आली तर निवेदकाला आधी ठरलेली खूण करा.

गायिका पेटीच्या काळी चार पट्टीला आणि गायक काळी एकला असा मिश्र कार्यक्रम असेल तर एका तबल्याची ओढाताण करू नका. काळी चारला त्याच सुराचा मोठ्या तोंडाचा तबला उत्तम. तो नसेल तर काळी एकचा तबला चालून जातो, कारण काळी चारचा मध्यम म्हणजेच काळी एक. मात्र ज्या गाण्यात शुद्ध मध्यम नाही तिथे तो टोचतो. तिथे पंचमाचा, म्हणजे काळी दोनचा घ्या.

जानेवारी २०२५ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. हातातल्या चमकत्या पट्ट्या अजून लोक विसरलेले नाहीत. आमच्यासारख्या छोट्या मराठी बँडने असं काय करावं? (सानपाडा)

पट्ट्यांचं काम उजेडापेक्षा वेगळं होतं: स्टेजपासून लांब बसलेला माणूसही देखाव्याचा भाग झाला. तुमच्याकडे ध्रुवपदाची, म्हणजे गाण्यात परत परत येणारी, ओळ आहे. चौथ्या-पाचव्या गाण्यात सोपी, एका सप्तकात मावणारी ओळ निवडा. आधी दोनदा तुम्ही म्हणा, मग वाद्यं बंद करून फक्त तबला किंवा काखोन (बसून वाजवायचं खोक्यासारखं तालवाद्य) ठेवा आणि माइक खाली घ्या. लोकांची पट्टी मध्यम असते, म्हणून ओळीतला वरचा सूर पांढरी सहाच्या वर नको. लोक गायला लागले की त्यांच्यावरून आलाप घ्यायचा मोह आवरा.

तलावपाळीला दिवाळीत गर्दी असते तशी आमच्या चौकातही व्हावी म्हणून पहाटे साडेपाचला कार्यक्रम ठेवतोय. गायक म्हणतात सहाला. कोणाचं ऐकू? (मंडळाचे कार्यकर्ते, ठाणे)

गायकांचं, आणि नियमाचंही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक चालत नाही. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सरकार सूट देऊ शकतं, पण ती रात्री १२ पर्यंतची, पहाटेची नव्हे. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय १०० मीटरच्या आत असेल तर शांतता क्षेत्राचं आधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

गळ्याचंही तसंच आहे. उठल्यावर आवाज जड असतो, वरचे सूर उशिरा उघडतात. गायकाला गाण्याआधी किमान दोन तास उठलेलं असावं लागतं आणि त्यात अर्धा तास खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांच्या रियाजाचा. पहिली दोन गाणी नेहमीपेक्षा अर्धा सूर खाली ठेवायला सांगा. साउंड चेक आदल्या संध्याकाळी, रात्री १० च्या आत उरका. मिक्सर डिजिटल असेल तर सेटिंग सेव्ह करून घ्या, साधा असेल तर सगळ्या बटणांचा जवळून फोटो काढून ठेवा, आणि रात्री मिक्सरवर प्लास्टिक टाका. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पहाटे दव पडतं.