वाचक विचारतात : वेब आलं कुठून आणि शिकायचं कुठून?

प्रश्न : इंटरनेट अमेरिकन सैन्याने बनवलं असं ऐकलंय, मग वेबचा शोध स्वित्झर्लंडमध्ये लागला असं नातू कसं म्हणतो? दोन्ही एकच ना? (निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : सर, नातवाचं बरोबर आहे आणि तुमचंही बरोबर आहे, कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटरनेट म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडण्याची व्यवस्था. तिची सुरुवात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अर्पानेटपासून झाली, आणि १ जानेवारी १९८३ ला त्या नेटवर्कने टीसीपी-आयपी हे माहितीच्या देवाणघेवाणीचे नियम स्वीकारले, तेच आजही चालतात. वेब त्यावर नंतर आलं. तुम्ही व्हॉट्सॲपवर नातवाला फोटो पाठवता तेव्हा इंटरनेट वापरता पण वेब नाही. ब्राउझर उघडून एखादं पान वाचता, त्यातल्या लिंकवर क्लिक करून दुसऱ्या पानावर जाता, ते वेब.

आता स्वित्झर्लंडचं. जिनिव्हाजवळ, फ्रान्सच्या हद्दीला लागून सर्न नावाची अणुविज्ञानाची मोठी संस्था आहे. तिथे जगभरातून शास्त्रज्ञ यायचे, दोन-तीन वर्षं काम करून जायचे, प्रत्येकाचा कॉम्प्युटर वेगळा, माहिती ठेवायची पद्धत वेगळी, माणूस गेला की कुठली फाईल कुठे हे कुणालाच सांगता येईना. तिथेच काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली या इंग्रज माणसाने मार्च १९८९ मध्ये यावर एक प्रस्ताव लिहून साहेबांना दिला. साहेब माइक सेंडल, त्यांनी वरती पेनाने शेरा मारला की अस्पष्ट आहे पण भन्नाट आहे. मंजुरी अशी काही मिळाली नाही, पण पुढच्या वर्षी नेक्स्ट कंपनीचा एक कॉम्प्युटर घ्यायला परवानगी मिळाली, आणि १९९० संपायच्या आत या माणसाने त्यावर पहिला ब्राउझर, पानं पुरवणारा पहिला सर्व्हर, पानं लिहायची एचटीएमएल आणि पान मागवायची एचटीटीपी, सगळं चालू करून दाखवलं. रॉबर्ट कायो हे बेल्जियन सहकारी सोबत होते, त्यांचं नाव फार कमी लोक घेतात, म्हणून मुद्दाम सांगतोय. त्या कॉम्प्युटरवर एक कागद चिकटवला होता, लाल शाईत लिहिलेलं, की हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. कुणी चुकून बटण दाबलं असतं तर तेव्हाचं सगळं वेब बंद!

मला स्वतःला यात सगळ्यात मोठी वाटते ती लिंकची गोष्ट. त्याआधी हायपरटेक्स्टवर, म्हणजे लिंकने जोडलेल्या मजकुरावर, काम करणाऱ्या बऱ्याच लोकांचं म्हणणं असं होतं की लिंक दोन्ही बाजूंनी असायला हवी, म्हणजे मी तुमच्या पानाला जोडलं तर तुमच्याकडेही त्याची नोंद झाली पाहिजे. ऐकायला रास्त आहे, पण मग ती नोंदवही सांभाळणार कोण, परवानगी देणार कोण? बर्नर्स-लीने ते सोडून दिलं. लिंक एकाच बाजूची, कुणीही कुणालाही जोडावं, विचारायची गरज नाही. त्याची किंमत म्हणून पान हलवलं की लिंक तुटते आणि ४०४, म्हणजे पान सापडलं नाही, असं दिसतं. पण दारावर कुणी उभा नाही म्हणून तर आपल्यासारख्यांना आत येता आलं, ४०४ चा त्रास मला त्यापुढे काहीच वाटत नाही.

प्रश्न : मग वेब शोधणाऱ्या माणसाला प्रत्येक वेबसाईटमागे पैसे मिळत असतील? (नाशिक)

उत्तर : एक रुपयाही नाही. ३० एप्रिल १९९३ ला सर्नने जाहीर केलं की वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं, फी नाही. त्याच सुमारास इंटरनेटवर माहिती बघायची गोफर नावाची दुसरी पद्धत जोरात होती, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाची, आणि तिच्या सर्व्हरसाठी फी लावायचं त्यांनी ठरवलं. लोक धास्तावले आणि वेबकडे वळले. आज गोफरचं नाव तरी ऐकलंय का कुणी?

प्रश्न : मी बीकॉम सेकंड इयरला आहे, कराडजवळ राहते. आईचा पापड-कुरडयांचा व्यवसाय आहे, त्याची वेबसाईट मला स्वतः करायचीय. इथल्या एका क्लासमध्ये ३५ हजार फी सांगितली आणि पहिल्या दिवसापासून रिॲक्ट शिकवू म्हणाले. मला कोडिंग येत नाही, इंग्लिश पण बेताचंच. क्लास लावू का?

उत्तर : आत्ता फी भरू नकोस. आधी दोन आठवडे घरी कर, मग ठरव. रिॲक्ट हे वेबसाईट बनवायचं साधन वाईट नाही, पण ते जावास्क्रिप्ट या कोडिंगच्या भाषेवर उभं आहे आणि जावास्क्रिप्ट १९९५ मध्ये आली ती आधीपासून असलेल्या एचटीएमएलच्या पानात हालचाल आणायला. ज्या क्रमाने वेब घडलं त्याच क्रमाने शिकलीस तर प्रत्येक गोष्ट का आली ते आपोआप कळत जातं.

कॉम्प्युटरवर नोटपॅड उघड. एचटीएमएल म्हणजे साधा मजकूर आणि त्याच्या आजूबाजूला खुणा, हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, ही लिंक. शीर्षकासाठी एच१, परिच्छेदाला पी, यादीतल्या ओळीला एलआय, हे टॅग सुरुवातीपासूनचे आहेत आणि आजही तेच चालतात. सर्नने पहिल्या साईटची जुनी प्रत जुन्याच पत्त्यावर पुन्हा ठेवलीय, ती आजच्या मोबाईलवर नीट उघडते. ३०-३५ वर्षांपूर्वीचं दुसरं कुठलं सॉफ्टवेअर असं चालतं सांग बरं. इंग्लिशचं म्हणशील तर असे वीसेक शब्द पाठ झाले की पुरतं, बाकी मजकूर मराठीत लिही.

दोन ठिकाणी हमखास अडायला होतं. सेव्ह करताना नावाच्या शेवटी डॉट एचटीएमएल लिही आणि खाली ऑल फाईल्स निवड, नाहीतर नावाला शेवटी डॉट टीएक्सटी चिकटतं आणि ब्राउझर पान न दाखवता तुझे टॅगच दाखवतो. दुसरं म्हणजे पापड लिहिलंय आणि स्क्रीनवर तिरकी रेघ डोक्यावर घेतलेले इंग्लिश ए ओळीने दिसतायत असं झालं तर समज की मीटा चारसेट यूटीएफ-८ ही ओळ वरती लिहायची राहिली. यूटीएफ-८ म्हणजे अक्षरं कॉम्प्युटरमध्ये साठवायची पद्धत; आपलं प्रत्येक देवनागरी चिन्ह तिच्यात तीन बाईटचं, म्हणजे तीन तुकड्यांचं असतं, ब्राउझरने ते तीन वेगवेगळी अक्षरं समजून वाचले की असा गोंधळ होतो. फाईल बिघडलेली नसते, ओळ घाल आणि रिफ्रेश कर.

पहिल्या आठवड्यात एवढंच, आईच्या मालाची नावं, भाव, ऑर्डरसाठी फोन नंबर. दुसऱ्या आठवड्यात सीएसएस, म्हणजे रंग, फॉन्ट, मोकळी जागा. जावास्क्रिप्ट तेव्हा घे जेव्हा किती किलो टाकलं की बिल आपोआप यावं असं वाटेल, आणि ते तुला लवकरच वाटेल, बीकॉमची आहेस. आवडलेली कुठलीही साईट कॉम्प्युटरवर उघडून राईट क्लिक, व्ह्यू पेज सोर्स कर, तिचं एचटीएमएल समोर येतं. माझ्या पिढीतले कितीतरी जण असेच बघून बघून शिकले.

आणि पान मोबाईलवर बघशील तेव्हा अक्षरं मुंगीएवढी दिसली तर घाबरू नकोस, पान स्क्रीनच्या रुंदीत बसवणारी व्ह्यूपोर्टची एक मीटा ओळ लागते, ती चारसेटच्या खालीच लिही. तिथपर्यंत पोचलीस की परत पत्र टाक, साईट फुकटात ऑनलाईन कशी चढवायची ते पुढच्या अंकात सांगतो.