पावसाळ्यात अडखळणारं इंजिन

प्रश्न : नातवासाठी मुंबईच्या एका दुकानातून एचओ मापाचं (खऱ्याच्या १/८७ आकाराचं) खेळण्यातलं रेल्वे इंजिन आणि पितळी रूळ मागवले. मे महिन्यात झकास धावलं, आता श्रावणात वीतभर जाऊन थांबतं. दुकानदार बदलून देत नाही. काय करू?
– एक आजोबा, रत्नागिरी

उत्तर : आजोबा, दोष बहुधा रुळांचा आहे. इंजिनाला वीज रुळांतून चाकांवाटे मिळते. आपल्या खाऱ्या, दमट हवेत पितळेवर काळपट थर चढतो आणि तो वीज अडवतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती फडक्याने रूळ आणि चाकं पुसा, पूर्ण सुकू द्या, मगच वीज सुरू करा. पॉलिश पेपर मुळीच नको, ओरखड्यांत मळ साचतो.

चिपळूणला पहिल्या पावसात मीही असाच हवालदिल झालो होतो. माझ्या दुकानदाराने अर्धा तास फोनवर थांबून माझ्याकडून एकेक चाक पुसून घेतलं. तेव्हापासून मी किंमत नंतर विचारतो. विकल्यावर हा माणूस फोन उचलेल का, ते आधी बघतो.

पुढचे रूळ निकेल सिल्व्हरचे (तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे) घ्या. दोन रुळांमधलं अंतर तेच, १६.५ मिलिमीटर, पण त्यांना पितळेइतका त्रास होत नाही. आणि गणपतीच्या आराशीत गाडी फिरवणार असाल, तर अक्षता आणि धूप रुळांपासून लांब ठेवा.