वाचकांचे प्रश्न : पंखावरचा डोळा नेमका कोणाचा?

प्रश्न : आम्ही कॅनडात मुलीकडे गेलो असताना नायगारा धबधब्याजवळच्या फुलपाखरू उद्यानात तळहाताएवढे एक तपकिरी फुलपाखरू पाहिले. कापलेल्या केळ्यावर पंख मिटून बसलेले होते आणि पंखावर पिवळ्या कड्याचा मोठा काळा डोळा होता. फलकावर ‘आउल बटरफ्लाय’ असे नाव होते. हे फुलपाखरू खरोखर घुबडाची नक्कल करते का? त्याच दालनातील चकचकीत निळ्या फुलपाखराशी त्याचे काही नाते आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपण पाहिलेले फुलपाखरू कॅलिगो या प्रजातीतील आहे. जर्मन कीटकशास्त्रज्ञ याकोब ह्यूब्नर यांनी १८१९ साली दिलेल्या या लॅटिन नावाचा अर्थ काळोख किंवा धुके असा होतो आणि तो समर्पक आहे, कारण ही फुलपाखरे भर उन्हात फारशी उडत नाहीत. पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा अंधूक प्रकाश ही त्यांची वेळ. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या उष्ण जंगलांत त्यांच्या सुमारे २० जाती आढळतात आणि मोठ्या जातींचा पंखविस्तार १५ सेंटिमीटरच्या पुढे जातो. फुलांतील मधापेक्षा पिकून आंबलेले फळ त्यांना अधिक प्रिय असते. उद्यानातील ताटलीत केळे ठेवलेले होते, ते त्यासाठीच.

घुबडाचा प्रश्न मात्र वाटतो तितका सरळ नाही. पुस्तकांतून दिसणारा तो प्रसिद्ध घुबडाचा चेहरा बहुतेक वेळा टाचणी लावून पंख पसरलेल्या, खालची बाजू वर केलेल्या आणि वरून उलट्या धरलेल्या नमुन्याचा असतो. जिवंत फुलपाखरू झाडाच्या बुंध्यावर पंख मिटून बसते. अशा वेळी एका बाजूने पाहणाऱ्याला एकच डोळा दिसतो, चेहरा दिसत नाही. तो एक डोळा मात्र थक्क करणारा असतो. काळ्या बुबुळात एका कडेला पांढरी चंद्रकोर असते, जणू ओल्या डोळ्यावर पडलेली प्रकाशाची तिरीप. भोवती पिवळे कडे, आणि त्यापलीकडे पिसांची आठवण करून देणारी तपकिरी रेषांची बारीक नक्षी.

हा डोळा शत्रूला ‘डोळा’ म्हणून घाबरवतो, की केवळ ठळक ठिपका म्हणून बिचकवतो, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला आहे. इंग्लंडमध्ये मार्टिन स्टीव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंग-कीटकांच्या कागदी प्रतिकृतींना अळीचे आमिष लावून त्या झाडांवर टाचल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार गोल डोळ्यांचे पतंग आणि तितक्याच ठळक पट्ट्यांचे पतंग यांच्या बचावात विशेष फरक नव्हता; ठळकपणा महत्त्वाचा ठरला, डोळ्याशी साम्य नव्हे. याउलट, फिनलंडमधील संशोधकांनी २०१५ साली आपल्याकडच्या रामगंगा पक्ष्याच्या युरोपीय भावंडांना, म्हणजे ग्रेट टिट पक्ष्यांना, संगणकाच्या पडद्यावर कॅलिगोची चित्रे दाखवली. तेव्हा नैसर्गिक डोळ्यांना ते पक्षी जवळपास खऱ्या घुबडाच्या डोळ्यांइतकेच बिचकले, आणि तितक्याच ठळक पण डोळ्यासारख्या न दिसणाऱ्या ठिपक्यांना तितके बिचकले नाहीत.

माझा कौल दुसऱ्या बाजूला झुकतो, पण एका अटीवर. डोळा हा डोळाच असावा. तो घुबडाचाच आहे, हे मात्र आपण ठरवले आहे. १९७६ साली त्रिनिदादमधील एका अभ्यासात असे सुचवले गेले होते, की हा एकटा डोळा मोठ्या झाडबेडकाचा भास निर्माण करतो आणि बुंध्यावर शिकार करणाऱ्या अॅनोल सरड्यांना दूर ठेवतो. बुंध्यावर बसलेले फुलपाखरू बाजूने पाहिले की ही कल्पना घुबडापेक्षा अधिक पटते, असे मला वाटते.

ते निळे फुलपाखरू मॉर्फो असणार, आणि हो, ते नात्यातले आहे. त्याचा निळा रंग रंगद्रव्याचा नसून खवल्यांच्या सूक्ष्म रचनेवरून होणाऱ्या प्रकाशाच्या परावर्तनाचा आहे. पंख मिटले की निळाई नाहीशी होते आणि तपकिरी पार्श्वभूमीवर डोळ्यांची रांग दिसते.

प्रश्न : या फुलपाखराच्या अळ्या केळीची पाने खातात, असे वाचले. आमच्या भागात केळी हेच मुख्य पीक आहे. आपल्याकडे या किडीचा धोका आहे का?
– एक केळी उत्पादक, रावेर

उत्तर : नाही. कॅलिगोची एकही जाती भारतात आढळत नाही. मायदेशी मात्र हेलिकोनिया या केळीसारख्या पानांच्या वनस्पतीबरोबर केळीही या सुरवंटांचे खाद्य आहे. डोक्यावर शिंगे आणि मागे दुभंगलेली शेपटी असलेले हे सुरवंट घोळक्याने बसतात आणि पूर्ण वाढल्यावर बोटाहून लांब होतात.

एरवी परोपजीवी माश्या आणि गांधीलमाश्या त्यांना आटोक्यात ठेवतात. कोस्टारिकातील बागांमध्ये १९५० च्या दशकापासून कीटकनाशकांचा मारा सुरू झाला, तेव्हा हे नैसर्गिक शत्रूच आधी मेले आणि कॅलिगोसह पाने खाणाऱ्या कितीतरी अळ्या माजल्या. १९७३ साली फवारणी थांबवल्यावर पुढच्या काही वर्षांत बहुतेक किडी पुन्हा ओसरल्या. आज त्याच देशात हे सुरवंट मुद्दाम पाळले जातात आणि त्यांचे कोष जगभरच्या फुलपाखरू उद्यानांना विकले जातात. पुण्याच्या वाचकांनी पाहिलेले फुलपाखरू अशाच एखाद्या कोषातून बाहेर आलेले असू शकते.

प्रश्न : पावसाळ्यात दिवेलागणीला आमच्या पडवीत एक तपकिरी फुलपाखरू येते. त्याच्या पंखांच्या कडेला बारीक डोळ्यांची ओळ असते. थंडीत येणारे फुलपाखरू तसेच, पण डोळे नसलेले, थेट वाळक्या पानासारखे असते. या दोन जाती आहेत का?
– एक शिक्षिका, सावंतवाडी

उत्तर : जात एकच आहे, पोशाख दोन आहेत. हे कॉमन इव्हनिंग ब्राउन, शास्त्रीय नाव मेलानायटिस लेडा. कॅलिगोला आता ज्या उपकुळात धरतात, त्याच उपकुळातले हे आपल्या अंगणातले भाऊबंद. संधिप्रकाशात उडणे, पिकलेल्या फळावर बसणे, सुरवंटाची शिंगे आणि दुभंगलेली शेपटी, सगळे घराण्यातले आहे. फक्त इथला सुरवंट केळीऐवजी भात आणि गवत खातो. नावांचाही एक गमतीचा धागा आहे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली फुलपाखरांना ग्रीक कथांतील नावे सढळ हाताने वाटली. त्यात आज कॅलिगोत धरल्या जाणाऱ्या दोन जातींच्या वाट्याला आयडोमेनियस आणि ट्यूसर हे ट्रॉयच्या युद्धातील योद्धे आले, तर आपल्या पडवीतल्या फुलपाखराला ज्या हेलनमुळे ते युद्ध झाले, तिच्या आईचे, लेडाचे, नाव मिळाले.

आता डोळ्यांविषयी. पावसाळ्यात रान हिरवे असते, फुलपाखरे सारखी हालचाल करतात आणि नुसते लपून भागत नाही. अशा वेळी पंखाच्या कडेचे छोटे डोळे शत्रूचा पहिला घाव स्वतःवर ओढून घेतात. कडेचा तुकडा जातो, धड वाचते. लेडाच्या एका आफ्रिकी नातेवाइकावर प्रार्थनाकीटक सोडून केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हेच दिसून आले. म्हणजे कॅलिगोचा मोठा डोळा शत्रूला थांबवण्यासाठी असेल, तर हे छोटे डोळे फसवण्यासाठी आहेत. कोरड्या ऋतूत मात्र जमिनीवर पाचोळा पसरलेला असतो आणि त्यात निश्चल बसणेच शहाणपणाचे; तिथे डोळा असला तर तोच चुगली करील. त्या आफ्रिकी फुलपाखरात कोणता पोशाख चढवायचा, हे मुख्यतः सुरवंटाच्या अखेरच्या दिवसांतील तापमानावर ठरते. पंखावर डोळा जिथे उमटायचा, तिथल्या पेशींमध्ये ‘डिस्टल-लेस’ नावाचा जनुक कार्यरत होतो. कीटकांमध्ये हाच जनुक पायांच्या घडणीतही भाग घेतो.

पावसाळा आणि थंडी यांच्या सांध्यावर, साधारण ऑक्टोबरात, पडवीतली फुलपाखरे नीट पाहावीत. डोळे अर्धवट पुसल्यासारखी, दोन्ही पोशाखांच्या मधली फुलपाखरेही त्या दिवसांत सापडतात.

प्रश्न : अॅटलास हे पंखांवर डोळे असलेले सर्वांत मोठे फुलपाखरू आहे, हे बरोबर का?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : दोन्ही अंगांनी नाही. अॅटलास हा पतंग (मॉथ) आहे आणि त्याच्या पंखांवर जे दिसते ते डोळे नसून खवले नसलेल्या पारदर्शक, त्रिकोणी खिडक्या आहेत. एखादा अॅटलास हाती लागलाच, तर त्याला न दुखवता छापील कागदावर बसू द्यावे. त्या खिडक्यांतून खालचे काळे-पांढरे दिसू शकेल.